कबुतरं आणि शिक्रा

कबुतरांना घाबरवायला नवऱ्याने गच्चीवरच्या बागेत जुन्या सीड्या टांगल्या होत्या. त्यांच्या चकचकाटाखालीच कबुतरांनी हेमलताबाईंची कोवळी मेथी पुन्हा फस्त केली.

"अहो, तुमच्या सीड्यांना घाबरतो तो फक्त शिक्रा! समोरच्या झाडावरून शिकार बघत बसतो बिचारा," म्हणत त्यांनी सगळ्या सीड्या उतरवल्या.

"आता मेथी विसर," नवरा हसला.

सकाळी कबुतरं निवांत उरलीसुरली मेथी टिपत होती. झाडावरून शिक्रा सुटला तो थेट वाफ्यावर. एकच फडफड झाली आणि सगळ्यात माजलेलं कबुतर पंजात धरून तो कठड्यावर बसला. बाकीची केव्हाच पसार!

नवरा पिसं झाडायला केरसुणी घेऊन धावला.

"हात लावू नका," हेमलताबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "सीड्यांच्या जागी आता ही पिसंच टांगते."