गोपीनाथ की प्रभाकर

कावळा पिंपळावर बसून होता, पण खाली यायला तयार नव्हता.

दुर्गाडी किल्ल्याखाली, खाडीच्या काठावर, गोपीनाथच्या दहाव्याचा पिंड मांडला होता. थोरला भाऊ अण्णा मुंडण केलेल्या डोक्यावर ऊन घेत उभा होता. सगळी वचनं देऊन झाली होती. आईला सांभाळीन. पोराला इंग्रजी शाळेत घालीन. तुझ्या बायकोच्या, मंदाकिनीच्या केसांना न्हाव्याचा हात लागू देणार नाही. या शेवटच्यावर गुरुजी जरा खोकले होते. कावळ्याने मात्र नुसती चोच फांदीवर घासली.

"दर्भाचा कावळा करू या," गुरुजी म्हणाले. त्यांना आंबिवलीला दुसरं कार्य होतं.

"नको," अण्णा म्हणाला. "आई देवासमोर बसलीय. खरा कावळा शिवल्याचं कळेपर्यंत पाणी घेणार नाही म्हणते. कालपासून घोट नाही पोटात."

गोपीनाथबरोबर खेळणारा बाळ पुढे झाला. "अण्णा, त्याचा जीव घरात होता कुठे? चेंडूफळीत होता. तापातही एकच विचारायचा, मोठा कोण, मी की प्रभाकर?"

सगळे वळले. टेंभी नाक्यावरचा प्रभाकर ठाण्याहून सकाळच्या गाडीने आला होता आणि मघापासून लांबच उभा होता. त्याचा सोबती मधु मात्र गप्प बसणारा नव्हता.

"त्यात विचारायचं काय? आमच्या प्रभाकरने टोलवलेले चेंडू अजून तळ्यात सापडतात."

"धुणं धोपटायला बायकाही येतात!" बाळ उसळला. "गोपीनाथ सकाळी फळी घेऊन उभा राहिला की गुरं घरी परतली तरी त्याच्यामागच्या दांड्या जागच्या जागी."

"आणि बघणारे गाढ झोपलेले."

"अरे, दहाव्याला आलात की जत्रेला?" गुरुजी ओरडले. मग त्यांनाही राहवेना. "तसा गोपीनाथच," ते पुटपुटले.

कावळा एक फांदी खाली आला.

सगळ्यांच्या माना वर झाल्या. कावळा पिंडाकडे बघत नव्हता. गुरुजींकडेही नाही. तो एकट्या प्रभाकरकडे बघत होता.

अण्णा प्रभाकरपाशी गेला. "तू एकदा म्हण रे, तुझ्या तोंडाने. खोटं का होईना. आईचे ओठ सुकलेत."

प्रभाकरने चपला काढल्या. पिंडासमोर येऊन हात जोडले. "गोपीनाथ, तू माझ्याहून मोठा," तो म्हणाला. आवाजात कुठे खोट नव्हती.

कावळ्याने पाठ फिरवली.

"बघितलंत?" त्या दिवसात पहिल्यांदाच प्रभाकर हसला. डोळे भरले होते. "कुणी दिलेलं घेणाऱ्यातला नव्हताच तो." त्याने मान वर केली. "बरं बाबा. बोलून पटत नाही ना? मग मीच येतो तिकडे. खेळूनच ठरवू."

कावळा दगडासारखा खाली आला.

पिंडाच्या वीतभर अलीकडे थांबला. मान वाकडी करून, एक डोळा प्रभाकरवर रोखून. पिंपळाचं पानही हलत नव्हतं.

"आला, आला!" बाळ हरखून कुजबुजला. "अरे, दिवस विचारतोय! सामना म्हटला की त्याला आधी दिवस लागायचा. सांग ना पटकन!"

मधुचं हसू मावळलं. त्याने प्रभाकरची बाही धरली. "चल प्रभाकर. गाडी चुकेल."

"अरे, सांग म्हणतो ना!"

"प्रभाकर, चल."

प्रभाकरने अण्णाकडे पाहिलं. अण्णाने हात जोडले होते.

"या रविवारी," प्रभाकर म्हणाला.

कावळा पिंडाला शिवला.