एकोणतिसावा रोजा

अष्टमी गावातल्या तस्नीमच्या हॉटेलच्या पाटीवर आणि तिच्या पाककृतींच्या पुस्तकावर, दोन्हीकडे एकच वाक्य छापलेलं होतं: ‘तस्नीमनं चाखल्याशिवाय पातेलं उतरत नाय!’ आणि तीच तस्नीम तापातून उठली, ती जिभेची चव घालवून. मीठ, मिरची, कोकम, सगळं तोंडात मातीसारखं. डॉक्टरांनीही हात टेकले. तिनं मात्र घरात कोणाला पत्ता लागू दिला नाही.

तेवढ्यात रमजान मदतीला धावून आला. रोजा धरलेल्या बाईनं मीठ चाखलं नाही, तर संशय कोण घेणार? इफ्तारीचं जेवण ती नुसत्या हाताच्या अंदाजानं उतरवत होती आणि लोक उलट वाहवा करत होते, “न चाखता एवढं नेमकं! हिच्या हातालाच जीभ फुटलीय.”

ईदच्या दिवशी पेणला, रामवाडीत, तिचं दुसरं हॉटेल उघडणार होतं. पाहुण्यांच्या देखत पहिलं पातेलं तिनं चाखायचं आणि काय कमी, काय जास्त ते सांगायचं, असं जाहीर झालं होतं.

एकोणतिसाव्या रोजाच्या संध्याकाळी सगळं घर गच्चीवर चांद शोधत होतं; दिसला तर उद्याच ईद, नाहीतर तिसावा रोजा. तस्नीम एका कोपऱ्यात हात पसरून, डोळे गच्च मिटून हुंदके देत होती. तिच्या आईनं, हलीमानं, तिला पोटाशी धरलं.

“रडतेस कशाला गो? दिसल चांद. एवढ्या जीवानं मागतेस, अल्ला ऐकल.”



तस्नीम अजून एकच रोजा मागत होती.