नव्वद नंबरचं तेल

खालचा बोल्ट सुटला आणि गिअरबॉक्समधलं तेल पातळ ताकासारखं भसाभसा घमेल्यात पडलं. ट्रकखाली उताणा पडलेला चनबसप्पा मिस्त्री तिथूनच ओरडला, "आरं रुद्र्या, हे गिअरचं तेल हाय व्हय? इंजिनाचं घातलंयस की हितं!"

रुद्रप्पा टायरला टेकून उभा होता.

"शहात्तर सालची नवी कोरी गाडी शेटनं तुज्या हवाली केली. एवढा जुना ड्रायव्हर तू, आन् तिच्या पोटात हे पाणी? गिअरचे दात झिजाय लागलेत की!" मिस्त्रीनं बोल्ट त्याच्यापुढे धरला. टोकाला लोखंडाचा चुरा चिकटला होता, खसखशीपेक्षाही बारीक.

शेटनं सकाळीच बजावलं होतं. गिअरबॉक्स फुटला तर किल्ली टेबलावर ठेवायची आणि परत तोंड दाखवायचं नाही. शेटचा तरी काय दोष? तिसऱ्या गिअरला गाडी अशी विव्हळायची, की सोलापुरातल्या अक्कलकोट नाक्यावरचे हमालसुद्धा हसायचे. आली रुद्रप्पाची गाडी गळा काढत, म्हणायचे.

चूक झाली होती वर्षापूर्वी, गुलबर्ग्यात. गिअरचं तेल गळून गेलं, दुकानात दाट तेल मिळेना, म्हणून यानं इंजिनाचं ओतलं. सोलापूर गाठेपर्यंत काम भागवायचं, एवढंच मनात होतं. पण वळसंगचा चढ उतरताना तिसरा गिअर पडला आणि गाडीनं असा काही सूर लावला, की रस्त्याकडेच्या एका घराचं दार उघडलं. दारात दाक्षायणी उभी होती.

दाक्षायणी त्याची बायको. रुसून माहेरी येऊन राहिलेली. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला न्यायचं तो दरसाल कबूल करायचा आणि दरसाल ऐन यात्रेत भाडं घेऊन निघून जायचा. शेवटच्या खेपेला ती इरकली नेसून दिवेलागणीपर्यंत उंबऱ्यावर बसली. मग तशीच उठली आणि एस.टी.त बसून वळसंगला गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. बाई एक शब्द बोलली नाही. हा तरी आणायला जावा की नाही? बाप्याची जात! बोलावल्याशिवाय कशी येत नाही बघतो, म्हणाला, आणि बघतच बसला.

ते दार उघडलं त्या दिवसापासून मात्र त्यानं तेल बदलायचं नावच काढलं नाही. गुलबर्ग्याला जाताना चादरी, येताना तूरडाळ, आणि वळसंगच्या चढावर तिसरा गिअर. गाडी रडायची, दार उघडायचं. ती बघायची, हा बघायचा. भरली गाडी चढावर थांबवायची नाही, असा ड्रायव्हर लोकांचा नेम. न थांबायला तो नेम त्याला बरा सापडला होता. आरशात दार लहान होत जायचं आणि ते दिसेनासं होईपर्यंत पठ्ठ्या आरशातच बघत राहायचा.

हे सगळं चनबसप्पानं त्याच्या तोंडून काढून घेतलं. मग कपाळावर हात मारला.

"मग हॉर्न वाजव की येड्या! त्याला काय तेल लागतंय?"

"हॉर्न म्या वाजवल्यावानी हुतंय, मामा," रुद्रप्पा खाली बघत म्हणाला. "गिअर काय, गाडी वाजवतीया."

मिस्त्री हसणार होता, पण त्याचं तोंड बघून थांबला. फळीवर दोन डबे होते. जास्त दाट तेलाचा, एकशेचाळीस नंबरचा त्यानं बाजूला सारला. "ह्ये जुन्या खटाऱ्याला, आवाज दाबायला. हिला नव्वदच पायजे."

"जरा पातळ न्हाय का चालायचं, मामा?"

"गप ऱ्हा. बायको न्हाय ती न्हाय, नोकरी तरी ठेव."

नव्वद नंबरचं तेल काकवीसारखं दाट होतं. पिचकारीनं ते बाजूच्या भोकातून सांडेपर्यंत भरलं, बोल्ट आवळला, आणि गाडीचं तोंड बंद झालं.

या खटाटोपात दुपार टळली. एरवी रुद्रप्पा बाराच्या आत वळसंग ओलांडायचा. आज चढाला लागला तेव्हा उन्हं कलली होती. तिसरा गिअर अलगद पडला. गाडी नुसती गुरगुरली. घर आलं, दार बंदच. त्याचा हात हॉर्नपाशी गेला, तिथं जरा थांबला आणि परत आला. घर मागं पडलं. आरशातही दार बंद दिसलं. ती गेली त्या दिवशीसुद्धा त्याला इतकं वाईट वाटलं नव्हतं.

आणि चढाच्या माथ्यावर दाक्षायणी दिसली. रस्त्याच्या कडेला अनवाणी उभी, डोळ्यांवर हाताची सावली धरून सोलापूरच्या बाजूला बघत. पुढ्यात आलेली गाडी तिनं ओळखलीच नाही. आवाजच नव्हता ना!

रुद्रप्पानं चढावरच ब्रेक मारला. भरली गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, खाली उडी टाकली आणि चाकाखाली स्वतःच्या हातानं धोंडा सारला.

"दुपारपास्नं हुबी हाय मी हितं," ती म्हणाली. "येळ झाली, गाडी वरडली न्हाय. वाटलं, कुटं तरी…"

"त्येल बदललं," रुद्रप्पा म्हणाला.

दाक्षायणीनं पदरानं डोळे पुसले. एकदा गाडीकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"वरीसभर गाडीचं ऐकून घेतलं. आज ती गप हाय. आता तुमी बोला."