‘जेवलीस का’ यांचे मेल

‘बाबा’ सोडले तर यादीत सगळ्यात जास्त मेल ‘जेवलीस का’ या गृहस्थांचे होते. त्यांच्या खालोखाल ‘छत्री घे’.

“हे जेवलीस का कोण?” टीमच्या प्रमुख मॅडमनी विचारलं. “परदेशी आहेत?”

ती खुर्चीत थोडी खाली घसरली. प्रोग्रॅम तिचा, चाचणीला घेतलेले मेलही तिचेच. प्रत्येक मेलच्या हेडरमधून, म्हणजे माथ्यावरच्या माहितीतून, पाठवणाऱ्याचं नाव तेवढं स्वच्छ काढायचं, एवढंच काम. दुपारी ग्राहक बघायला येणार होता. तिची नोकरी पक्की करायची की नाही, ते त्यानंतर ठरणार होतं.

तिने मूळ हेडर उघडलं. नावाच्या जागी, अवतरणचिन्हांत: ‘बाबा, जेवलीस का, छत्री घे’. तिच्या जावास्क्रिप्टमधल्या प्रोग्रॅमने प्रत्येक स्वल्पविरामाला नवा माणूस धरला होता. एका बाबांचे तीन जण झाले होते. तिघांनाही तिने उत्तर दिलं नव्हतं.

तिने फोन लावला, स्पीकरवर ठेवला.

“बाबा, नावाच्या रकान्यात काय लिहिता तुम्ही?”

“निरोप.”

“अहो, निरोप आत लिहितात!”

“आत लिहिला की तू उघडत नाहीस. नाव न उघडता दिसतं. दर वेळी सेटिंगमध्ये जाऊन बदलतो. आता हात बसलाय.” मग म्हणाले, “तुला तिथे त्रास होत असेल तर नुसतं बाबा ठेवतो.”

“ठेवू देत की,” मॅडम हळूच म्हणाल्या. “नाहीतर पहिल्या स्वल्पविरामापुढचं सगळं उडव. एका ओळीचं काम आहे.”

तिने स्क्रीनकडे पाहिलं.

“नका बदलू, बाबा. चूक प्रोग्रॅमची आहे.”

जेवणाची सुट्टी त्यात गेली. अवतरणचिन्हांच्या आत कितीही स्वल्पविराम आले तरी माणूस तोडायचा नाही, हे तिने जावास्क्रिप्टला नाना परींनी समजावलं. शेवटी त्याला पटलं.

ग्राहक आला. यादी स्वच्छ होती. फक्त बाबांच्या ओळी जरा लांब होत्या. सगळ्यात वरची, नुकतीच आलेली: ‘बाबा, काम काही नाही, सहज’.

ग्राहकाने चष्मा वर सरकवला. “हे नाव आहे?”

मॅडम छताचा पंखा बघू लागल्या.

“हो,” ती म्हणाली. “पूर्ण नाव आहे.”