भिंतीपलीकडच्या ओव्या

“लग्न नाही, लेकरू नाही, मग आईचं मन तुम्हाला कळलं कसं?” प्राध्यापक आबासाहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

गहिनीनाथ गुरुजींनी त्यांच्यापुढे चहाची कपबशी सरकवली. “सुचतं तसं लिहितो,” ते म्हणाले.

आबासाहेब सावेडीहून एसटीने श्रीगोंद्यापलीकडच्या या गावात आले होते. गुरुजींच्या बावीस कवितांच्या पुस्तकावर त्यांना मोठा लेख लिहायचा होता. शब्द खेडवळ, साधे. पण आत जे सुंदर आहे ते येतं कुठून, याचा त्यांना शोध घ्यायचा होता. असा माणूस एकदा शोधाला लागला की त्याचं नुसत्या चहावर भागत नाही.

त्यांनी आईबद्दल विचारलं. गुरुजी वर्षाचे असताना आई गेली होती. सावत्र आईने काही कमी केलं नाही, पण पहिलीचं नाव या घरात कुणी काढत नसे. आबासाहेबांनी वहीत ‘अभाव’ असा शब्द लिहिला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

गुरुजींनी ते तसंच राहू दिलं. खरा उगम तिथून दोन हातांवर, शेजारच्या भिंतीपलीकडे होता. शेजारची राहीबाई पहाटे दळायला बसायची. गावात गिरणी होती, पण तिला गिरणीचं गरम पीठ आवडत नसे. दळता दळता ती ओव्या म्हणायची आणि गुरुजी अंथरुणात पडल्या पडल्या त्या वहीत उतरवून घ्यायचे. आधी आवडल्या म्हणून. मग त्यातल्या दोन एका मासिकाला पाठवल्या, त्या छापून आल्या आणि खाली नाव गुरुजींचं आलं. मोह फार वाईट. ओव्यांत राहीबाईच्या मुलाचं, बन्सीचं, नाव असे. गुरुजींनी तेवढं काढलं.

हळू ओढ बाई, जात्याचा खुंटा जरा
मांडीवर माझ्या, निजला माझा हिरा

राहीबाई म्हणायची, “निजला बन्सी हिरा.” तो बन्सी शिर्डीला हॉटेलात कामाला होता आणि वर्षाकाठी एकदा तोंड दाखवायचा. एकट्या बाईच्या एकुलत्या मुलावरच्या ओव्या आपण लाटल्या, हे गुरुजींच्या मनाला सारखं खात होतं. तिला वाचता येत नव्हतं, एवढाच काय तो आधार.

तो आधारही आबासाहेबांनी काढून घेतला. या कविता गावापुढे वाचू, असं त्यांच्या मनाने घेतलं. गुरुजींनी दुष्काळाची सबब सांगून पाहिली. बाया तलावाच्या कामावर खडी फोडायला जातात, ऐकायला येणार कोण? मग बाजारच्या दिवशी ठेवू, त्या दिवशी काम बंद असतं, असा तोडगा आबासाहेबांनी लगेच काढला. वर बायांना पुढे बसवायलाही सांगितलं.

त्या दिवशी मारुतीच्या देवळात राहीबाई पहिल्याच ओळीत बसली. गुरुजींची बंडी घामाने भिजून गेली. आबासाहेब छान वाचत होते. चौथ्या कवितेला राहीबाईचे ओठ हलू लागले. पाचवीला तिने पदर तोंडाला लावला. सहावी चालू असताना ती उठली आणि निघून गेली.

पुढचं गुरुजींना काही ऐकू आलं नाही. टाळ्या वाजल्या, हार गळ्यात पडला. आता हिने चारचौघींत सांगितलं की गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही आणि शाळेतली पोरंसुद्धा हसतील. त्यापेक्षा आपणच सांगावं. त्यांनी हार काढून ठेवला आणि थेट तिचं घर गाठलं.

राहीबाई सुपात रेशनची तांबडी मिलो ज्वारी घेऊन खडे निवडत होती.

“मावशी, त्या ओव्या तुमच्या आहेत. मी चोरल्या. सरांना तसं सांगून टाकतो.”

“बस, मास्तर,” ती म्हणाली. तिने एक खडा वेचून बाजूला टाकला. “माज्या न्हाईत त्या.”

गुरुजी उंबऱ्यावरच बसले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना मोकळा श्वास घेता आला. ओव्या बायकांच्या, या जात्यावरून त्या जात्यावर जाणाऱ्या. त्यांना कोण मालक? त्यांना हसू यायला लागलं. मग तुम्ही मधेच उठून का आलात, असं त्यांनी विचारलं.

“त्यात बन्सीचं नाव नव्हतं. मग जिच्या वव्या, ती आठवली.”

ती सांगू लागली. बन्सी झालाही नव्हता तेव्हाची गोष्ट. दळायला समोर एक जोडीदारीण बसायची. लेकरू मांडीवर घेऊन दळायची आणि दळता दळता ओवी जुळवायची. राहीबाई मागून म्हणायची. ती जोडीदारीण तापात गेली. तिच्या ओव्या तिच्याबरोबर जाऊ नयेत म्हणून राहीबाईने पुढे त्यात तिच्या लेकराच्या जागी बन्सीचं नाव घातलं. जात्यावर तशीच रीत असते.

गुरुजींना फार हलकं वाटत होतं. चोरी फेडायची वाट सापडली होती. पुस्तक पुन्हा छापलं तर त्या बाईचं नाव वर टाकायचं आणि ओव्यांतलं मूळ नाव जिथल्या तिथे बसवायचं. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली.

“तिच्या लेकराचं नाव काय होतं?”

राहीबाईने सूप खाली ठेवलं.

“तुज्या आईच्या लेकराचं नाव मला इचारतोस व्हय, गहिनी?”