कुणाच्या नावाने?

तारापूरच्या एका केमिकल कारखान्याचं सांडपाणी शुद्ध न करताच खाडीत सोडायला तिथली ऑपरेटर मेघालीने नकार दिला. तिचा बाप त्याच खाडीत जाळं टाकायचा. मॅनेजर मितेशसाहेबांनी तिथल्या तिथे संगणकावरून तिचे अधिकार काढून घेतले आणि नवीनच लागलेल्या हिनाला हिनाच्याच लॉगिनवरून सांडपाण्याचा व्हॉल्व्ह उघडायला लावला. हिना रडकुंडीला आली होती.

मेघालीने आपल्या स्क्रीनकडे पाहिलं. 'धोका – बंद करा' हे बटण अजून चालू दिसत होतं. तिने ते दाबलं आणि व्हॉल्व्ह बंद झाला.

साहेब तरातरा तिच्या टेबलापाशी आले. "तुझे अधिकार काढलेत ना मी?"

"काढलेत. पण मी सकाळपासून लॉगिन हाय. लॉगआऊट होईपर्यंत सिस्टिम माझे जुनेच अधिकार लक्षात ठेवते."

"मग हो लॉगआऊट! आत्ताच्या आत्ता!"

"होते ना. पण धोका म्हणून बंद केलेला व्हॉल्व्ह आता हिनाला उघडता येणार नाय. तो मॅनेजरच्याच लॉगिनने उघडतो. आणि रेकॉर्डला नाव लागतं ते उघडणाऱ्याचं."

तिने लॉगआऊट केलं, खांद्याला पर्स अडकवली आणि आपली खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली.

"बसा साहेब."

साहेब स्क्रीनकडे बघत उभेच राहिले. मग कुणाकडेही न बघता म्हणाले, "राहू दे. शुद्ध करूनच सोडा पाणी."