बाबांची दाढ

"चूक," आई म्हणाली.

सलग पाचव्यांदा. मुलीने डोळे मिटून घेतले. पाय बादलीतल्या कोमट पाण्यात होते आणि पाणीही आता गार होत आलं होतं.

"प्रश्न परत वाच."

आईने पुस्तकाकडे न बघताच प्रश्न म्हटला. "स्वतः कमावणाऱ्या, वेगळं घर असलेल्या मुलाला किंवा मुलीला वडिलांच्या आयुष्यात विमायोग्य हितसंबंध असतो का? होय की नाही?"

"होय."

"नाही! अगं, किती वेळा सांगायचं? ज्याच्या जाण्याने आपलं पैशात नुकसान होतं, त्याचाच विमा आपल्याला उतरवता येतो. तू तुझं कमावतेस. बाबा गेले म्हणून पुस्तकाच्या मते तुझं काही बुडालेलं नाही. दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावतेस आणि स्वतःला दोन अक्षरं दिसत नाहीत. 'नाही.' घोकून टाक."

ती चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायची. दिवसभर उभं राहायचं, भिंग बदलायचं, विचारायचं, आता बरं दिसतंय की मघाशी बरं दिसत होतं? संध्याकाळी स्वतःच्या घरी जाण्याआधी इथे यायचं आणि आईच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. बाबांना जाऊन तीन महिने झाले होते.

बाबा अठ्ठावीस वर्षं विमा एजंट होते. शाखेतले साहेब म्हणाले होते, घरातल्या कोणी महिनाअखेरपर्यंत परवान्याची परीक्षा पास केली तर त्यांचे पॉलिसीधारक घरातच राहतील. नाहीतर ते बाकीच्या एजंटांना वाटून द्यावे लागतील. तिला या धंद्याची आवड नव्हती. पण ज्या घरात कोणी गेलं असेल, तिथे क्लेमचे कागद घेऊन बाबा स्वतः जात आणि पहिली पंधरा मिनिटं बॅग उघडत नसत. नुसते बसत. दिलेलं पाणी पीत. बोलायचं असेल त्याला बोलू देत. बाबांच्या स्वतःच्या क्लेमसाठी शाखेतून जो माणूस आला, त्याने बूट काढता काढताच बॅग उघडली होती. त्याच दिवशी तिने परीक्षेचा अर्ज भरला.

"दमलीस तर उद्या करू," आई म्हणाली.

"उद्या परीक्षा आहे."

"मग काय झालं? बाबासुद्धा पहिल्या खेपेला नापासच झाले होते."

तो किस्सा बाबा प्रत्येक घरी सांगत. ऐन पेपरात अक्कलदाढ ठणकायला लागली, पेपर तसाच टाकून दाताच्या डॉक्टरकडे पळालो, उपटून आलो. अक्कल गेली, म्हणून तर एजंट झालो! लोक हसत. हसू ओसरलं की बाबा फॉर्म काढत. तिने तो किस्सा इतक्यांदा ऐकला होता की आता तिला नुसता त्यांचा आवाज आठवायचा.

शेवटच्या ऑपरेशनआधी नर्सने विचारलं होतं, "कवळी आहे? एखादा दात काढलेला?" आई म्हणाली होती, "बत्तीसच्या बत्तीस आहेत." त्या वेळी दातांकडे कोणाचं लक्ष असणार?

परीक्षा सकाळी होती. एका खोलीत वीस संगणक, वीस खुर्च्या आणि पडद्याच्या कोपऱ्यात उलटं धावणारं घड्याळ. एका प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय पुढचा उघडत नव्हता. अकरा प्रश्न पटापट गेले. बारावा तोच आला.

तिने बोट 'नाही'वर नेलं. एवढंसं दाबायचं होतं. बोट दाबेना.

'होय' दाबलं तर एकच गुण जाणार होता. पण 'होय' दाबलं की पडद्यावर लाल फुली उमटते, हे तिला ठाऊक होतं. ती फुली तिला आज बघायची नव्हती. ती प्रश्न पुन्हा वाचत राहिली. दुकानातली म्हातारी माणसं अक्षर दिसत असूनही उच्चारायला घाबरतात, तशी. शेजारचा उमेदवार उठून गेला. मग त्याच्या पलीकडची. घड्याळ शून्यावर आलं आणि पडदा आपोआप मिटला.

घरी आली तेव्हा आईने बाबांची बॅग पुसून टेबलावर ठेवली होती. आईने तिच्या तोंडाकडे पाहिलं. पाणी आणून दिलं. समोरच्या खुर्चीत बसून राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "काय झालं?"

तिला खरं सांगायचं होतं. तोंडातून भलतंच निघालं.

"दाढ दुखायला लागली."

आई हसली नाही. रागावलीही नाही. टेबलावरच्या बॅगेचा पट्टा तिने उगाचच सरळ केला.

"पुढची तारीख कधी आहे?"

"गुरुवारी. महिना संपायच्या आत."

"होशील पास. दुसऱ्या खेपेला त्यांनाही 'नाही' लिहिता आलं." आई थांबली. "पहिल्या वेळी त्यांची दाढ याच प्रश्नाला दुखली होती. तुझे आजोबा जाऊन दीडच महिना झाला होता."